न मोजलेले उंदीर

पिल्लं एकवीस दिवसांची झाली की त्यांना आईपासून वेगळं करायचं, हा आमच्या अ‍ॅनिमल हाउसचा शिरस्ता. त्याच दिवशी कानाला बारीक भोक पाडायचं. भोक कोणत्या कानाला आणि कुठे आहे, यावरून पुढे ते पिल्लू ओळखायचं, आणि भोक पाडताना निघालेला कातडीचा कण नळीत घालून त्याचा डीएनए तपासायचा. दुसऱ्या दिवशी जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे वेगळे करणाऱ्या पातळ थरावर, पट्टे उमटायचे. आम्हाला हव्या असलेल्या उंदरात बाहेरून घातलेली तीन जनुकं एकत्र यायला हवी होती. तिन्हींचे पट्टे दिसले तर पिल्लू प्रयोगाचं. एक जरी नसला तर नाही. एका वेतातल्या आठ पिल्लांपैकी एकातच तिन्ही पट्टे आले, तेव्हा पिंजरे सांभाळणारे काका म्हणाले, "म्हणजे मॅडम, ह्यातलं एकच तुमचं. बाकीच्या सातांचं काय करायचं?"

काय करायचं ते त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं, कारण कागदावर सही माझी लागायची. मी सही केली. सात पिल्लं कार्बन डायऑक्साइडच्या पेटीत गेली. पुढे प्रबंधात मी लिहिलं, की या प्रयोगासाठी १२ उंदीर वापरले. ते खरंच होतं. त्या १२ उंदरांसाठी किती जन्माला घातले, हे मी लिहिलं नाही. मार्गदर्शकांनी विचारलं नाही, परीक्षकांनी विचारलं नाही, शोधनिबंध तपासणाऱ्यांनीही विचारलं नाही.

तो आकडा विचारला गेला पाहिजे, छापला गेला पाहिजे आणि लोकांसमोर आला पाहिजे, एवढंच मला इथे मांडायचं आहे. प्रयोग बंद करा असं मी म्हणणार नाही. का म्हणणार नाही, ते आधी सांगते.

माझ्या मावसभावाला आठवीत असताना पहिल्यांदा फीट आली. शाळेच्या मैदानावर. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडून आणला. मिरजेला नेऊन ईईजी काढला तेव्हा मी मावशीबरोबर होते. डोक्याला चिकटवलेल्या तारा, कागदावर धावणाऱ्या रेघा, आणि डॉक्टरांचं वाक्य: मेंदूतली वीज या भागात बिघडतेय. भारतात अपस्माराचे रुग्ण एक कोटीच्या घरात आहेत असा अंदाज नेहमी दिला जातो. जगात सुमारे पाच कोटी. या सगळ्यांच्या आजाराचं मूळ त्या विजेत आहे, आणि ती वीज आपल्याला अजून नीट पाहता येत नाही.

हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी माणसाच्या डोक्यावरून पहिली ईईजी नोंद घेतली ती १९२४ साली. शंभर वर्षं झाली. पण ईईजी म्हणजे लांबून ऐकू येणारी दिंडी. टाळ वाजताहेत, लय वाढली, लय मंदावली, एवढं कळतं. कुणाचा टाळ चुकला हे कळत नाही. अपस्मारात नेमकं तेच कळायला हवं असतं.

एकेका पेशीची वीज मोजायला शास्त्रज्ञ शिकले ते माकुळामुळे. आपल्याकडे कोकणात जो माकूळ ताटात येतो, त्याच्या कुळातल्या जिवाचा एक मज्जातंतू इतका जाड असतो की त्यात तार घालता येते. अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले यांनी १९३९ मध्ये इंग्लंडातल्या प्लिमथला तशी तार घालून दाखवली, आणि १९६३ चं नोबेल त्यांच्याकडे आलं. शांत पेशीचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. पेशी संदेश सोडते तेव्हा हा फरक एक-दोन मिलिसेकंदांत उलटतो आणि पुन्हा जागेवर येतो. विचार, आठवण, झोप, फीट, सगळं या उलटापालटीत. पण उंदराच्या मेंदूत सुमारे सात कोटी चेतापेशी आहेत आणि माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी. तारा घालायच्या तरी किती?

म्हणून प्रकाशाची वाट शोधली गेली. ओसामु शिमोमुरा यांना १९६२ मध्ये एका जेलीफिशमध्ये हिरवं चमकणारं प्रथिन सापडलं. त्या प्रथिनाचं जनुक दुसऱ्या प्राण्याच्या पेशीत घातलं तर ती पेशीही चमकते. मग प्रश्न असा आला, की ही चमक विजेच्या तालावर कमी-जास्त करता येईल का? बर्कलीत सीगेल आणि इसाकॉफ यांनी १९९७ मध्ये असं पहिलं प्रथिन घडवलं. ते मंद होतं आणि सस्तन प्राण्यांच्या पेशींत नीट बसत नव्हतं. पुढे जपानी संशोधकांना सायोना नावाच्या समुद्री जिवात, जो खडकाला चिकटून राहतो आणि दिसायला पाण्याच्या पिशवीसारखा असतो, विजेचा दाब ओळखणारं एक प्रथिन सापडलं. २००५ सालची ही गोष्ट. त्या प्रथिनाचा दाब ओळखणारा तुकडा घेऊन थॉमस क्न्योफेल यांच्या गटाने त्याच्या दोन टोकांना दोन रंगांची चमकणारी प्रथिनं जोडली, एक पिवळं आणि एक लाल. पेशीतला दाब बदलला की एका रंगाचा उजेड घटतो आणि दुसऱ्याचा वाढतो. दोन पंख असल्यासारखी रचना, म्हणून नाव पडलं बटरफ्लाय.

सिअॅटलच्या अ‍ॅलन इन्स्टिट्यूटने हे फुलपाखरू उंदराच्या जनुकसंचात कायमचं बसवलं. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या त्या वंशाचं नाव एआय७८. हे उंदीर जन्मतःच तो तुकडा घेऊन येतात. कवटीचा नाण्याहून लहान गोल काढून तिथे काच बसवली की मेंदूच्या वरच्या थरातली वीज कॅमेऱ्याला रंगांच्या लाटेसारखी दिसते.

हे वाचताना जितकं सोपं वाटतं तितकं ते नाही. प्रथिन बसतं पेशीच्या पडद्यात, आणि पडदा असतो मिलिमीटरचे दोन लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा जाड. एवढ्याशा जागेतून येणारा उजेड तुटपुंजा असतो, आणि घटना एका मिलिसेकंदात उरकते. त्यामुळे बहुतेक प्रयोगशाळा विजेऐवजी कॅल्शियम पाहतात. पेशीने संदेश सोडला की तिच्यात कॅल्शियम शिरतं आणि जीकॅम्प नावाचं प्रथिन चमकतं. ही चमक भरघोस असते, पण ती सावकाश विझते. पाठोपाठ सुटलेले संदेश एकमेकांत मिसळून जातात. आणि पेशीला गप्प बसवणारे जे संदेश असतात, ते तर कॅल्शियममध्ये जवळजवळ दिसतच नाहीत. अपस्मारात अनेकदा बिघाड तिथेच असतो, गप्प बसवणाऱ्या पेशींत.

ड्राव्हे सिंड्रोमचं उदाहरण घ्या. बाळ वर्षाचं व्हायच्या आत, बरेचदा तापात, पहिली मोठी आकडी येते आणि मग ती पाठ सोडत नाही. बहुतेक मुलांत सोडियमची वाट उघडणारं एक जनुक बिघडलेलं असतं. पण सोडियमची वाट अडली तर मेंदू शांत व्हायला हवा, पेटतो कसा? २००६ मध्ये त्याच जनुकात बदल केलेल्या उंदरांनी याचं उत्तर दिलं. बिघाडाचा खरा फटका बसतो तो इतरांना आवरणाऱ्या पेशींना. पहारेकरीच थकले की गर्दी आवरणार कोण? सोडियम अडवणारी नेहमीची फिटची औषधं या मुलांना का बाधतात, तेही त्यातून उलगडलं. ज्या आईने अशा बाळाला मांडीवर घेऊन रात्र काढली आहे, तिच्यासमोर उभं राहून "उंदरांवरचे प्रयोग बंद करा" असं मला म्हणता येणार नाही.

पर्याय आहेत ना, असं विचारलं जातं. आहेत, आणि ते वाढले पाहिजेत. अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली. भारताने २०२३ मध्ये औषध चाचणीच्या नियमांत प्राण्यांशिवायच्या पद्धतींना जागा दिली. यकृताला औषध बाधतं का, हे बशीत वाढवलेल्या मानवी पेशींवर पाहणं अनेकदा उंदरावर पाहण्यापेक्षा शहाणपणाचं ठरतं. पण बशीतला मेंदूचा गोळा पळत नाही, घाबरत नाही, वास घेऊन थबकत नाही. आणि संगणकातल्या मेंदूचं म्हणाल, तर २०१५ मध्ये ब्लू ब्रेन प्रकल्पाने सुमारे ३१,००० चेतापेशींची जी प्रतिकृती मांडली, तिच्यामागची मोजमापं उंदराच्याच भाऊबंदांच्या, घुशीएवढ्या रॅटच्या, मेंदूच्या कापांतून आली होती. प्रतिकृतीला खाऊ घालायला आधी जिवंत मेंदूच लागला.

दुसरा आक्षेप असा, की माणूस म्हणजे मोठा उंदीर नव्हे. खरं आहे. उंदरात बरे झालेले कितीतरी आजार माणसात बरे झाले नाहीत. म्हणूनच उंदरावर औषध चाललं म्हणून पेढे वाटणाऱ्या बातम्यांवर मी विश्वास ठेवत नाही. पण एक पेशी दुसरीला कसं आवरते, हा पायाचा प्रश्न आहे आणि त्यात आपलं आणि उंदराचं बरंच सामायिक आहे.

इथवर मी प्रयोगशाळेच्या बाजूने बोलले. आता काकांच्या प्रश्नाकडे येते.

एआय७८ मधलं फुलपाखरू आपोआप चालू होत नाही. ते कोणत्या पेशींत चालू व्हावं हे एक जनुक ठरवतं, किती जोराने चालू व्हावं हे दुसरं, आणि फुलपाखरू हे तिसरं. तिन्ही एका पिल्लात यायला हवीत. आईबापांत मिळून या प्रत्येक जनुकाची एकच प्रत असेल तर प्रत्येक जनुक पिल्लात येण्याची शक्यता निम्मी. निम्म्याचं निम्मं, त्याचंही निम्मं: आठात एक. माझ्या जेलवर जे दिसलं तो योगायोग नव्हता, तो हिशेब होता. उरलेली पिल्लं निरोगी असतात, बारीक लालसर पायांनी तुमच्या हातमोज्यावर चढतात, आणि त्यांचं काहीही चुकलेलं नसतं.

हा हिशेब बदलता येतो. फुलपाखरू असलेल्या बापाकडे त्याच्या दोन्ही प्रती असल्या तर आठात एकाचं प्रमाण चारात एकावर येतं. २०१८ मध्ये अ‍ॅलन इन्स्टिट्यूटच्याच गटाने नव्या पिढीचे वंश जाहीर केले, त्यांत जोर वाढवणारं जनुक फुलपाखरासारख्या दिव्याच्या शेजारीच बसवलं, म्हणजे तीनऐवजी दोनच जनुकांची जुळणी करावी लागते. नको असलेल्या काळात वंश जिवंत ठेवण्याऐवजी वीर्य किंवा भ्रूण गोठवून ठेवता येतात. शेजारच्या संस्थेत तोच वंश असेल तर मागून घेता येतो. विषाणूच्या साहाय्याने थेट मोठ्या उंदराच्या मेंदूत जनुक पोचवलं तर वंश वाढवावाच लागत नाही. मात्र त्यात मेंदूत सुई घालावी लागते आणि प्रथिन सगळीकडे सारखं पसरत नाही. कुठे काय योग्य, हे प्रयोगागणिक ठरेल. पण ठरवायला कारण हवं, आणि न वापरलेल्या पिल्लांचा आकडा कुठे मांडावाच लागत नसेल तर ते कारणच उरत नाही. माझ्या बाबतीत उरलं नव्हतं. दोन्ही प्रती असलेले बाप आधी तयार करून घेतले असते तर माझे तीन-चार महिने गेले असते. मला घाई होती. त्या घाईची किंमत मी मोजली नाही, कुणी मला मोजायला लावलीही नाही.

मोजणं अशक्य आहे असं कुणी सांगितलं तर ब्रिटनकडे बघावं. तिथे जनुकं बदललेल्या वंशाचं प्रजनन हीच नोंद करण्याजोगी प्रक्रिया मानतात आणि गृहखातं दरवर्षी आकडे छापतं. २०२३ मध्ये तिथे प्राण्यांवरच्या २६ लाखांहून अधिक प्रक्रिया नोंदल्या गेल्या, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या फक्त असे वंश तयार करण्याच्या आणि टिकवण्याच्या होत्या. युरोपीय संघाने २०१७ सालासाठी प्रथमच वेगळा हिशेब मांडला: प्रयोगात वापरलेले प्राणी सुमारे ९४ लाख, आणि जन्माला घालून न वापरताच मारलेले सुमारे १ कोटी २६ लाख. न वापरलेले वापरलेल्यांपेक्षा जास्त! त्यातले बहुसंख्य उंदीर. सगळेच जनुकांच्या जुळणीतून उरलेले नव्हेत, मागणीपेक्षा जास्त झालेलेही त्यात आहेत. पण आकडा समोर आल्यावर युरोपात त्यावर बोलणं तरी सुरू झालं.

अमेरिकेत मात्र, जिथे या विद्येचा मोठा भाग घडतो आहे, प्राणिकल्याणाच्या केंद्रीय कायद्यातली "प्राणी" ही व्याख्याच प्रयोगासाठी वाढवलेल्या उंदरांना वगळते. २००२ च्या दुरुस्तीने हे कायद्यात पक्कं केलं. सरकारी निधी घेणाऱ्या प्रयोगशाळांना इतर नियम लागू आहेत, तिथे काळजी घेतलीही जाते. पण देशाच्या पातळीवर किती उंदीर, याचा सरकारी आकडा नाही. कायद्याच्या लेखी कुत्रा प्राणी आहे, ससा प्राणी आहे, उंदीर नाही.

आपल्याकडे पाया बरा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे, १९९८ चे नियम आहेत, प्रत्येक संस्थेत नैतिकता समिती आहे. त्या समितीवर बाहेरचा शास्त्रज्ञ आणि विज्ञानाबाहेरची एक समाजाभिमुख व्यक्ती असावी लागते. किती प्राणी लागणार आणि का, हे अर्जात लिहावं लागतं. उंदीर यातून वगळलेला नाही, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण अर्जात येतो तो लागणाऱ्यांचा आकडा. आणि जे आकडे संस्थांच्या वह्यांत आहेत ते ब्रिटनसारखे दरवर्षी तक्त्यांत मांडून सामान्य नागरिकाच्या हाती येत नाहीत. माहितीचा अधिकार वापरून एकेका संस्थेच्या दारात जायचं, तर किती जण जातील?

आपल्या सार्वजनिक चर्चेतही या उंदराला जागा मिळाली नाही. मी अकरावीत बेडूक फाडला. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या वर्गातलं विच्छेदन थांबवलं, आणि प्राण्यांचा प्रश्न सुटला असं आपल्याला वाटलं. जनुकीय बदल म्हटलं की आपल्याला २००२ चं बीटी कापूस आठवतं, मग बीटी वांगं. त्यावर विदर्भात सभा झाल्या, संसदेत भाषणं झाली, ते योग्यच होतं. ज्याला दुखतं, भीती वाटते, जो आपली पिल्लं तोंडात धरून घरट्यात परत आणतो, अशा जिवाच्या जनुकांत बदल करण्यावर मात्र मराठीत मी एकही सभा पाहिली नाही.

माझे जुने सहकारी यावर म्हणतात, आकडे उघडे केले की मोर्चे येतील, निधी आटेल, आणि आधीच कागदांखाली दबलेल्या विद्यार्थ्यांवर आणखी एक तक्ता येईल. तक्त्याचं खरं, पण वह्या आहेतच. त्यातली बेरीज करायला अर्धा दिवस पुरतो. मोर्च्याची भीती मला समजते. तरी लपवलेला आकडा बाहेर फुटतो तेव्हा होणारं नुकसान मोठं असतं, कारण तेव्हा लोक चांगल्या प्रयोगावरचाही विश्वास काढून घेतात.

शिवाय उघडेपणाने विज्ञानाचंही भलं होतं, याचा एक दाखला याच उंदरांच्या जगातला आहे. जीकॅम्प६, म्हणजे त्या कॅल्शियम दाखवणाऱ्या प्रथिनाचं एक रूप, असलेल्या काही वंशांच्या मेंदूत अपस्मारासारखे विजेचे झटके येतात, असं काही प्रयोगशाळांच्या लक्षात आलं. उंदीर वरकरणी ठीक दिसायचे. पिंजऱ्यात फिरायचे, काम शिकायचे. पण निरोगी मेंदू म्हणून ज्याचं चित्र काढायचं, तो मेंदू मोजण्याच्या साधनानेच आजारी पाडला होता. वेगवेगळ्या संस्थांतल्या गटांनी आपापल्या नोंदी एकत्र केल्या आणि २०१७ मध्ये ते जाहीर केलं, कोणते वंश सुरक्षित वाटतात तेही सांगितलं. पिल्लांना लहानपणी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देऊन प्रथिन उशिरा चालू केलं तर धोका कमी होतो, हेही त्यात होतं. प्रत्येकाने आपली वही मिटून ठेवली असती तर अजून हजारो उंदीर त्याच वंशात जन्मले असते आणि त्यांच्यावर बेतलेले निष्कर्ष चुकीचे निघाले असते.

शेतात झिंक फॉस्फाइड टाकून आपण उंदीर मारतोच, मग प्रयोगशाळेतल्या उंदराचं एवढं काय, असं मला घरच्यांनीच विचारलं आहे. शेतातला उंदीर आपण होऊन आला. ज्वारी त्याने खाल्ली, आपलं त्याच्याशी भांडण आहे. एआय७८ चा उंदीर आपण अक्षर अक्षर जुळवून घडवला. त्याचं जन्मणं आपल्या गरजेतून आलं, त्याचं न जन्मणं आपल्या हातात होतं. त्याचा हिशेब आपल्याकडेच मागितला जाणार.

तेव्हा शोधनिबंधात "वापरलेले उंदीर" या आकड्याशेजारी "त्यासाठी जन्माला घातलेले" हा आकडा छापावा. संपादकांनी तो मागावा. संस्थेच्या नैतिकता समितीने पुढच्या परवानगीआधी मागच्या वेळचं हे प्रमाण पाहावं, आणि समितीवरच्या त्या विज्ञानाबाहेरच्या सदस्याने, शिक्षक असो की वकील, हा प्रश्न बैठकीत नक्की विचारावा. तो विचारायला न्यूरोसायन्स यावं लागत नाही. केंद्रीय समितीने सगळ्या संस्थांची बेरीज वर्षातून एकदा आपल्या संकेतस्थळावर टाकावी, राज्यवार टाकावी.

प्रबंध जमा केल्यानंतर दोन वर्षांनी मी परत त्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये गेले होते. काका निवृत्तीला आले होते. मी विचारल्यावर त्यांनी कपाटातून जुन्या वह्या काढून दिल्या आणि स्वतः शेजारी बसून तारखा वाचून दाखवल्या. बेरीज १०३ आली. माझ्याकडच्या प्रबंधाच्या प्रतीत, जिथे १२ छापलंय त्या ओळीशेजारी, मी ती पेनाने लिहून ठेवली आहे.